माइनमुळा, क जीवनसत्त्व आणि अडून बसलेली पेशी

माइनमुळ्याचं लोणचं खाल्लेली माणसं आता शोधावी लागतात. बोटाएवढी, मातकट रंगाची, उग्र वासाची ही मुळं. वनस्पतिशास्त्रात या झाडाचं नाव कोलियस फोरस्कोली. १९७०च्या दशकात मुंबईत, मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात औषधी वनस्पतींची छाननी चालू होती. या मुळांच्या अर्कानं रक्तदाब उतरतो असं तिथं दिसलं आणि त्यातून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं: फोरस्कोलिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही त्याच सुमारास ते हाती लागलं. रक्तदाबाच्या शोधात सापडलेलं हे द्रव्य पुढे मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत नेहमीच्या वापरातलं झालं. त्याचं कारण मात्र वेगळं होतं.

पायाला ठेच लागली की आधी ‘काहीतरी लागलं’ हे कळतं आणि क्षणभरानं ती खोल, ठणकणारी कळ येते. स्पर्शाचे तंतू मायलिन नावाच्या स्निग्ध वेष्टणात गुंडाळलेले असतात, त्या उशिरा येणाऱ्या कळेचे तंतू उघडे असतात. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर जातो, तर मायलिन असलेल्या सर्वांत जाड तंतूंमधून सेकंदाला ७० ते १२० मीटर. हे वेष्टण झडलं की पावलं बधिर होतात, चालताना पाय अडखळतो, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही.

मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर हे वेष्टण बनवतात श्वान पेशी (हे नाव थिओडोर श्वान या शास्त्रज्ञावरून आलं). ते कसं बनतं हे १९५४ साली बेटी गेरेन यांनी कोंबडीच्या गर्भातल्या मज्जातंतूंचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे छेद पाहून सांगितलं. अळूवडीचा उंडा कापल्यावर जशी चकली दिसते, तसंच ते दिसतं. श्वान पेशी तंतूच्या एका तुकड्याला मिठी मारते आणि आपलंच पातळ आवरण त्याच्याभोवती गुंडाळत जाते. जाड तंतूवर असे शंभरावर पदरही चढतात. अळूवडीत पानांच्या मधलं पीठ तसंच राहतं. इथे मात्र पदरांच्या मधला पेशीरस पिळून बाहेर जातो आणि उरतात ते एकमेकांना चिकटलेले स्निग्ध पडदे. शिवाय नवा पदर वरून चढत नाही, पेशीची आतली कड तंतूला लागून जुन्या पदरांखाली सरकत राहते. पेशीच्या दृष्टीनं हे फार मोठं काम आहे. इशारा मिळाल्याशिवाय ती त्याला हात घालत नाही.

पहिला इशारा खुद्द तंतू देतो. त्याच्या पृष्ठभागावर न्यूरेग्युलिन नावाचं प्रथिन असतं आणि वेष्टण किती जाड व्हायचं हे त्याच्या प्रमाणावर ठरतं. शिवाय श्वान पेशीच्या आत सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूची पातळी वाढावी लागते. काचेच्या बशीत श्वान पेशी एकट्या वाढवल्या तर तंतू नाही, म्हणून इशाराही नाही. इथे फोरस्कोलिन उपयोगी पडलं. पेशीत सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या विकराला ते थेट चालना देतं हे १९८१ साली स्पष्ट झालं होतं. बशीत त्याचे थेंब टाकले की तंतूचा इशारा मिळाल्यासारखी पेशी वागू लागते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा मला २००९ सालच्या झेब्राफिशवरच्या कामात दिसतो. केली मंक आणि विल्यम टॅलबॉट यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाकडे काही उत्परिवर्तित मासे होते. त्यांच्या श्वान पेशी तंतूपर्यंत पोहोचत, एकेक तंतू निवडत, त्याला बिलगत आणि तिथंच थांबत. गुंडाळणं सुरूच होत नसे. बिघाड होता जीपीआर१२६ नावाच्या ग्राहीत, म्हणजे पेशीच्या कवचावरच्या एका कडीत. या माशांच्या पिल्लांना फोरस्कोलिन दिल्यावर पेशी पुन्हा मायलिन बनवू लागल्या. कडी निकामी होती, पण आतली यंत्रणा शाबूत होती. रसायनानं मायलिन ‘तयार केलं’ नाही. पेशी नेमकी कोणत्या पायरीवर अडली आहे तेवढं त्यानं दाखवलं, आणि माझ्या मते या द्रव्यांची खरी किंमत तीच आहे.

म्हणून मज्जातंतूंसाठी फोरस्कोलिनच्या गोळ्या घ्याव्यात असं मुळीच नाही. सायक्लिक एएमपी हा हृदयापासून रक्तवाहिन्यांपर्यंत सगळीकडचा निरोप्या आहे. मुलुंडला आधी दिसला तो रक्तदाबावरचा परिणामच होता!

क जीवनसत्त्वाची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. १९८७ साली अमेरिकेत रिचर्ड आणि मेरी बंज यांच्या गटाला बशीत एक विचित्र प्रकार दिसला. तंतू होते, श्वान पेशी होत्या, त्या तंतूंना लागून वाढतही होत्या, पण मायलिन होईना. द्रवात क जीवनसत्त्व घातलं आणि वेष्टणं चढू लागली. श्वान पेशीला स्वतःभोवती बाहेरून एक तळपटल, म्हणजे पातळ अस्तर, विणून घ्यावं लागतं. त्यात कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन असतं आणि कोलॅजनचा गोफ नीट वळायला क जीवनसत्त्व लागतं. पुढे हेच तळपटलातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजन जीपीआर१२६ला जागं करतं असं आढळलं. माशांची गोष्ट आणि बशीची गोष्ट इथे एकमेकींना भेटतात, असं मला वाटतं.

शार्को-मारी-टूथ हा मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार साधारण अडीच हजारांत एकाला असतो. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात पीएमपी२२ या मायलिनमधल्या प्रथिनाचं जनुक दोनऐवजी तीन प्रतींत असतं आणि त्या जादा प्रथिनानं वेष्टण बिघडतं. २००४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी असाच बिघाड असलेल्या उंदरांना क जीवनसत्त्व दिलं. उंदीर सुधारले, जास्त जगले. स्वस्त, निर्धोक, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी गोष्ट! रुग्णांच्या कुटुंबांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. इटली आणि ब्रिटनमध्ये २७१ रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली, रोज दीड ग्रॅम. २०११ साली निकाल आला: क जीवनसत्त्व घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्यात फरक नव्हता. अमेरिकेत रोज चार ग्रॅम देऊन पाहिलं, तरीही नाही.

प्रोजेस्टेरॉननं आणखी एक धडा दिला. १९९५ साली असं दिसलं की इजा झालेल्या मज्जातंतूत श्वान पेशी स्वतःच हे संप्रेरक बनवतात आणि त्यामुळे मायलिन वाढतं. मग तेच शार्को-मारी-टूथसारखा बिघाड असलेल्या उंदरांना दिलं, तर आजार बळावला, कारण त्यानं पीएमपी२२ही वाढवलं होतं. उलट प्रोजेस्टेरॉनला अडवणाऱ्या द्रव्यानं त्यांना बरं वाटलं. तुटलेल्या मज्जातंतूला हवं असलेलं मायलिन आणि जनुकातच दोष असलेलं मायलिन, दोन्हींना एकच औषध लागू पडेल असं धरून चालत नाही.

तुटलेल्या मज्जातंतूचा प्रश्न तर वेळेचाही आहे. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. दंडात तुटलेला तंतू बोटांपर्यंत पोहोचायला वर्षाहून जास्त लागतं. तोवर तुटलेल्या जागेच्या पुढे, तंतू नाहीसा झालेल्या रिकाम्या नळीत श्वान पेशी मायलिन बनवायचं सोडून दुरुस्तीच्या कामाला लागलेल्या असतात. जुन्या मायलिनचा कचरा उपसतात, येणाऱ्या तंतूला वाट दाखवतात. ‘मायलिन बनव’ असा हुकूम रसायनानं याच वेळी दिला तर दुरुस्तीच अर्ध्यावर राहायची. फार उशीर झाला तर महिनोन्‌महिने वाट पाहून त्या पेशी कमी होत जातात, थकतात. आणि औषध द्यायचं तर मनगटाजवळ तंतू पोहोचलेला असतो तेव्हा बोटांच्या टोकाशी तो अजून आलेलाही नसतो.