डायनीन

डायनीन हे पेशीतील माल वाहून नेणारे प्रथिन आहे. एटीपी या पेशीतील इंधन-रेणूच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतील प्रथिनांच्या बारीक नळ्यांवरून, चालते. इयान गिबन्स आणि आर्थर रो यांनी १९६५ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिकांतील (हलणाऱ्या केसांसारख्या अवयवांतील) प्रथिनाला हे नाव दिले. पेशीद्रव्यातील डायनीन बहुतेक पेशींत माल परिघाकडून केंद्राकडे आणते. उलट दिशेची वाहतूक मुख्यतः कायनेसिन हे दुसरे प्रथिन करते.

कायनेसिनचे वागणे सरळ आहे. दर एटीपीमागे ८ नॅनोमीटरचे एक पाऊल, आणि ओढ साधारण ५ ते ७ पिकोन्यूटन (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग). डायनीन मात्र चंचल. ही बले मोजतात प्रकाशीय चिमट्याने. लेसरच्या केंद्रबिंदूत सूक्ष्म मणी धरून ठेवला, की त्याला जोडलेले मोटर प्रथिन (डायनीन किंवा कायनेसिन) तो जितका दूर ओढेल त्यावरून बल कळते. हे तंत्र आर्थर ॲश्किन यांचे. त्यासाठी त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

मूळचे घनपदार्थ भौतिकीचे अभ्यासक असलेले रूप मल्लिक यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात (अर्व्हाइन) स्टीव्हन ग्रॉस यांच्या गटात काम करताना २००४ मध्ये दाखवले, की भार नसताना २४ ते ३२ नॅनोमीटरची पावले टाकणारे डायनीन भार वाढताच ८ नॅनोमीटरवर येते. जणू गिअर बदलते. एकट्याची ओढ जेमतेम १.१ पिकोन्यूटन भरली. हा आकडा सर्वमान्य नाही: डायनॅक्टिन हा डायनीनला जोडला जाणारा प्रथिनसमूह आणि योग्य साहाय्यक प्रथिने यांच्यासह सस्तन प्राण्यांचे डायनीन सुमारे ४ पिकोन्यूटनपर्यंत ओढते, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मल्लिक यांच्या गटाने हेच मोजमाप जिवंत पेशीत नेले, आणि खरी गंमत तिथे आहे. भक्षक पेशीला लॅटेक्सचा मणी गिळू द्यायचा आणि पेशीच्या आतच तो चिमट्यात धरायचा. २०१३ च्या निष्कर्षानुसार अनेक डायनीन मिळून भार चांगला वाटून घेतात; भाराखाली पुढचे डायनीन मंदावते, मागचे त्याला गाठतात. कायनेसिनला असे जमत नाही. एकट्याचा दुबळेपणा इथे सोयीचाच ठरतो.

गिळलेला कण जुना होत जातो तसे त्याच्या आवरणावरील कोलेस्टेरॉलयुक्त ठिपक्यांत डायनीन गोळा होतात आणि त्याला पाचक विकरे असलेल्या लायसोसोमकडे वेगाने नेतात, असे या गटाने २०१६ मध्ये मांडले. काळा आजाराचा परजीवी, लिशमॅनिया डोनोव्हानी, याच्या पृष्ठभागावरील एक मेदयुक्त रेणू हे ठिपके विस्कटतो. लायसोसोमपासून बचावण्याचा त्याचा हा एक मार्ग असावा.