गेटमंथ इज नॉट अ फंक्शन: ही एरर मुळात आली कुठून

जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला डेट, म्हणजे तारीख-वेळ ठेवणारा टाइप, १९९५ मध्ये घाईघाईत जावा या दुसऱ्या भाषेतून जवळपास जसाच्या तसा उचलला गेला, महिने शून्यापासून मोजायची खोडसुद्धा तिकडचीच. जावाने १९९७ मध्येच त्यातल्या बऱ्याचशा मेथड्स (गेटमंथसारखी त्याची फंक्शन्स) डेप्रिकेट केल्या, म्हणजे यापुढे वापरू नका असं सांगितलं, आणि नेमकं त्याच वर्षी जावास्क्रिप्टचं पहिलं स्टँडर्ड आलं, त्यात मात्र त्या पक्क्या बसल्या. जुन्या इतिहासाचं एवढं पुरे, कारण रोजच्या कामात तारखांच्या ज्या टाइप एरर्स येतात त्यातल्या बऱ्याच २००९ पासूनच्या आहेत.

२००९ ला ईएस५, म्हणजे त्या स्टँडर्डची पाचवी आवृत्ती आली. जेसॉन, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये डेटा मजकूर म्हणून पाठवायचा फॉरमॅट, त्याचं पार्स (वाचायला) आणि स्ट्रिंगिफाय (लिहायला) भाषेतच आलं, आणि डेटला टूजेसॉन नावाची मेथड मिळाली. आता जेसॉनमध्ये तारीख हा टाइपच नाही, स्ट्रिंग (नुसता मजकूर), नंबर, बूलियन, नल, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट, संपलं. मग डेटचं करायचं काय, तर स्टँडर्डच्या समितीने ठरवलं की जाताना त्याची आपोआप आयएसओ स्ट्रिंग (वर्ष-महिना-दिवस आणि वेळ या ठरलेल्या क्रमातला मजकूर) होईल आणि येताना काहीच होणार नाही, स्ट्रिंग ती स्ट्रिंगच राहील. याला कारण होतं. परत येताना आपोआप डेट करायचं म्हटलं तर तारखेसारखी दिसणारी प्रत्येक स्ट्रिंग डेट झाली असती, कुणी शेऱ्याच्या रकान्यात नुसतं २०२४-०८-१५ टाकलं तरी. डॉटनेटच्या जुन्या सर्व्हिसेस यावर उपाय म्हणून स्लॅशमध्ये डेट आणि कंसात मिलिसेकंद अशी वेगळीच स्ट्रिंग पाठवायच्या, ती ज्यांनी रेजेक्सने (मजकुरातला पॅटर्न शोधून) सोलली आहे त्यांना आठवत असेल. ज्यांना हवं त्यांच्यासाठी पार्सला रिव्हायव्हर नावाचा, वाचताना व्हॅल्यू बदलू देणारा दुसरा पॅरामीटर ठेवला, पण तो वापरताना फार कुणी दिसत नाही.

माझ्या मते येताना हात न लावणं बरोबरच होतं, चूक झाली ती जाताना गुपचूप बदलण्यात. तिथेच एरर आली असती तर प्रत्येकाला ठरवावं लागलं असतं की मी स्ट्रिंग पाठवतोय की नंबर. आता होतं काय, सर्व्हरवर डेट असतो, ब्राउझरमध्ये स्ट्रिंग येते, कन्सोलवर ती अगदी तारखेसारखीच दिसते, आणि तीन कंपोनंट पुढे कुणीतरी महिना काढायला गेटमंथ बोलावतं, स्ट्रिंगला ती मेथडच नसते, आणि मथळ्यातली एरर फुटते. त्याहून वाईट म्हणजे इनव्हॅलिड डेट, म्हणजे ज्याच्या आत खरी वेळच नाही असा डेट. टूआयएसओस्ट्रिंगला तो दिला तर निदान रेंज एरर तरी येते, पण स्ट्रिंगिफायमध्ये त्याचा मुकाट नल होतो, पलीकडे तो नल न्यू डेटमध्ये गेला की शून्य धरला जातो आणि भारतातल्या स्क्रीनवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच उमटतं. कुठेही एरर नाही!

आपल्याकडची अजून एक खूण म्हणजे १८:३०. मुंबईत बसून वर्ष, महिना, दिवस देऊन १५ ऑगस्टचा डेट बनवला आणि पाठवला की डेटाबेसमध्ये १४ ऑगस्ट, १८:३० झेड (म्हणजे यूटीसी, आपल्या साडेपाच तास मागची वेळ) पडतं, कारण डेट नाव असलं तरी आत कॅलेंडरची तारीख नाहीच, १९७० पासूनचे मिलिसेकंद आहेत. हा सगळा गोंधळ त्या नावातच आहे.

२०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप आधीच तपासणारं जावास्क्रिप्ट, आलं तेव्हा वाटलं आता सुटलो. पण पार्सचा रिटर्न टाइप एनी, म्हणजे काहीही चालेल, आणि आपण इंटरफेसमध्ये (डेटाच्या आराखड्यात) जन्मतारीख डेट असं लिहून मोकळे, कंपायलर आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि रनटाइमला तीच जुनी एरर. म्हणून एपीआयच्या इंटरफेसमध्ये तारीख स्ट्रिंगच लिहायची, रिस्पॉन्स आला त्याच ठिकाणी न्यू डेट करायचं, गेटटाइम (आतले मिलिसेकंद देणारी मेथड) नॅन, म्हणजे नंबरच नाही असं, देते का ते बघायचं आणि मगच आत सोडायचं. इन्स्टन्सऑफने हा डेटच आहे का असं तपासलं तरी इनव्हॅलिड डेट त्यातून पास होतो हे लक्षात ठेवायचं.

वजाबाकीचंही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये एका डेटमधून दुसरा वजा केला की मिलिसेकंद मिळतात, अधिक केला तर दोन स्ट्रिंग चिकटतात. टाइपस्क्रिप्ट वजाबाकी सरळ नाकारतं, लोकांनी ती चालू द्या म्हणून मागणी केली, तरी ते बधलं नाही. दोन्हीकडे गेटटाइम लावला की काम होतं.

२०१७ पासून टेम्पोरलचा, म्हणजे डेटला पर्याय म्हणून नव्या तारीख-टाइप्सचा, प्रस्ताव चालू होता, मे २०२५ मध्ये फायरफॉक्स १३९ मध्ये तो बाय डिफॉल्ट मिळाला. महिना एकपासून, आणि नुसत्या तारखेला प्लेनडेट हा वेगळा टाइप. तुलना करताना आपोआप बोलावलं जाणारं व्हॅल्यूऑफ इथे मुद्दाम टाइप एरर फेकतं, म्हणजे दोन प्लेनडेट लहानमोठ्याच्या चिन्हाने तपासायला गेलात की तिथल्या तिथे अडतं, कंपेअर वापरावं लागतं. जेसॉनमधून मात्र तोही स्ट्रिंग होऊनच येतो, फ्रॉम वापरून परत बनवायचा आपणच.