दुबईत शिक्षकाची नोकरी: सोलापूर सोडण्याआधी कोणते कागद करून घ्यायचे?

दुबईच्या शाळेचं ऑफर लेटर हातात पडलं की घरात पहिली चर्चा पगाराची होते आणि दुसरी तिकिटाची. लग्नाच्या दाखल्याचा विषय कोणी काढत नाही. पदवीचे कागद शाळा स्वतःहून मागते, कारण ते तिला हवे असतात. संसाराचे कागद मात्र कोणी मागत नाही, आणि तिथे पोचल्यावर बिऱ्हाड अडतं ते त्यांच्याचपायी. म्हणून दोन्हींची कामं एकदमच सुरू करा.

पात्रता आणि एजंट

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा साधारणपणे शिकवायच्या विषयातली पदवी, बी.एड. आणि दोनेक वर्षांचा अनुभव बघतात. दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी प्राधिकरणाची देखरेख असते. नेमणुकीची मंजुरी शाळाच काढते, तुम्ही फक्त कागद पुरवायचे. एजंटामार्फत जात असाल तर त्याचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्यावर एक रुपया जरी मागितला तरी उठून यावं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बघू’ असं म्हणणाऱ्याकडे तर बसूच नये.

पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का नाही ना, हेही बघून ठेवा. दहावी झालेल्याला तो लागत नाही, पण पासपोर्ट काढताना शिक्षणाचा पुरावा जोडला नसेल तर तो पडलेला असू शकतो. निघण्याआधी तो पासपोर्टवरून हटवून घ्या.

नावाचा घोळ

खरा वेळ इथे जातो. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि नव्या कागदांवर शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेल्या बाईंची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बऱ्याचदा एकाच आडनावाची दाखल्यावर एक, आधारवर दुसरी आणि पासबुकात तिसरी स्पेलिंग. इथल्या बँकेत हे खपून जातं, वकिलातीत खपत नाही. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद काढून ठेवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो भरून घ्या, एकेरी नावाच्या पासपोर्टवर अमिरातीत अडवणूक होते.

साक्षांकनाची साखळी

अपोस्टिल म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद परदेशात मान्य करणारी पद्धत, पण संयुक्त अरब अमिराती त्यासाठीच्या हेग करारात नाही. त्यामुळे भारताचं अपोस्टिल तिथे पुरत नाही, वकिलातीचा शिक्का लागतोच. पदवीचा क्रम असा: विद्यापीठाकडून पडताळणी, मुंबईत राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात. तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शेवटचा शिक्का, कागदामागे 150 दिरहम. आधीचा शिक्का नसेल तर पुढचा माणूस कागद हातात धरत नाही.

सोलापूरकरांनी एक गोष्ट पदवीच्या सालावरून ठरवावी. सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये सुरू झालं, 2019 पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. 2004 च्या आधीची पदवी असेल तर ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, पडताळणीही तिथेच. आधी कोल्हापूर उरका, मग रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठा. उलट केलंत तर मुंबईची चक्कर फुकट.

लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला महापालिकेतून किंवा गावी ग्रामपंचायतीतून मिळतो, त्यात इंग्रजी मजकूर असावा. मंगल कार्यालयाने दिलेली पावती किंवा लग्नपत्रिका हा पुरावा होत नाही. कायद्याने झालेली विवाहनोंदणीच लागते. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नोंदणी राहिलेली जोडपी सोलापुरात कमी नाहीत. या दाखल्यांची साक्षांकनाची वाट पदवीपेक्षा वेगळी आहे, शिक्षण विभाग त्यांना हात लावत नाही. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायला विसरू नका.

पोलीस दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून होतो, शुल्क 500 रुपये. सोलापूर पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतं. चौकशी पत्त्याप्रमाणे शहर आयुक्तालयाकडे किंवा ग्रामीण पोलिसांकडे जाते. पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर दाखला लांबतो, हे धरून चाला.

पोचल्यावर

नोकरीच्या प्रवेश परवान्यावर उतरल्यापासून 60 दिवसांत वैद्यकीय तपासणी (रक्त, छातीचा एक्स-रे), एमिरेट्स आयडी आणि निवासी व्हिसा उरकायचा असतो. शाळेचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करणारा माणूस, हे बघतो. छातीचा एक्स-रे सोलापुरातच काढून डॉक्टरांना दाखवून घ्या. जुना डाग तिथे पहिल्यांदा दिसला तर नोकरीच जाऊ शकते.

पुढचं सगळं एमिरेट्स आयडीवर लटकलेलं असतं. आयडी आला की बँक खातं, खातं आलं की चेकबुक, आणि चेकबुक आलं की घर. दुबईत वर्षाचं भाडं आगाऊ तारखांच्या चेकने देतात, कोणी चार मागतो, कोणी एकच. म्हणून शाळा राहायची सोय देत असेल तर निदान पहिले काही महिने ती घ्या, अगदी खोली वाटून घ्यावी लागली तरी. घरभत्ता घेऊन पहिल्याच महिन्यात घर शोधायला निघालेल्या माणसाकडे चेकबुक नसतं, आणि घरमालकाला त्याची गोष्ट ऐकायला वेळ नसतो.

स्वतःचं घर घ्यायचं झालं तर भाड्याशिवाय हातात रोकड लागते. बिनफर्निचरच्या घराला साधारण वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के अनामत, एजंटाची दलाली बहुधा तितकीच, आणि वीज-पाण्याच्या ‘देवा’ कंपनीकडे फ्लॅटसाठी 2,000 दिरहम. महापालिकेचं घरशुल्क, म्हणजे वार्षिक भाड्याच्या 5 टक्के, महिन्याच्या ‘देवा’ बिलातून वळतं होतं. भाडेकराराची ‘इजारी’ या सरकारी नोंदणी व्यवस्थेत नोंद झालीच पाहिजे. ती नसेल तर ‘देवा’ची जोडणी नाही आणि कुटुंबाचा व्हिसाही अडकतो.

कुटुंब आणण्यासाठी पगार किमान 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहण्याची सोय. नोकरी बाईंची असेल तर त्याही नवऱ्याला आणि मुलांना आणू शकतात. अर्जाला साक्षांकित विवाह आणि जन्म दाखला लागतो. तो साक्षांकन न करताच सोलापुरात कपाटात राहिला असेल तर साखळी पहिल्या शिक्क्यापासून, तीही दुसऱ्याच्या हातून.

बॅगेत काय नको

शेंगा चटणी, कडक भाकरी, सोलापुरी चादर खुशाल न्या. खसखस मात्र अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. आईने घरी कुटलेल्या काळ्या मसाल्यात आणि डिंकाच्या लाडवात ती आहे का, हे पॅकिंगआधीच विचारा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी असल्याशिवाय नेऊ नयेत, साध्या वाटणाऱ्या खोकल्याच्या बाटलीतही कोडीन असतं.

शिकवण्या

घर लागलं की शेजारची मुलं गणितासाठी येतातच. फुकटात शंका सोडवणं वेगळं, पण पैसे घेऊन शिकवणी घ्यायची तर परवाना हवा. डिसेंबर 2023 पासून अमिरातीने खासगी शिकवणीसाठी वेगळा परवाना सुरू केला आहे. तो मोफत असून दोन वर्षांसाठी मिळतो आणि अर्ज ऑनलाइन होतो. शाळेत नोकरी करणाऱ्यालाही तो काढता येतो, त्यासाठी शाळेचं ना-हरकत पत्र आधी घ्या. अर्ज नामंजूर झाला तर पुन्हा करण्यासाठी सहा महिने थांबावं लागतं, त्यामुळे कागद अर्धवट असताना अर्ज टाकू नका.