बल-दमसास प्रशिक्षण : आराखडा व कालनियोजन

खेळाडूच्या अंगचे बल, वेग, झेप आणि दमसास हे गुण त्याच्या खेळाच्या गरजेप्रमाणे व स्पर्धेच्या तारखेवर नजर ठेवून वाढवता यावेत, यासाठी व्यायामाचा प्रकार, मात्रा (एकूण किती), तीव्रता (किती जड वा जोरात), क्रम आणि विश्रांती यांची आगाऊ केलेली मांडणी म्हणजे बल-दमसास प्रशिक्षणाचा आराखडा होय. चढाईतला पदन्यास किंवा चेंडूचा टप्पा शिकवणे हा त्याचा विषय नव्हे. ते कौशल्य शेवटच्या मिनिटापर्यंत टिकावे म्हणून शरीर तयार करणे हा त्याचा विषय आहे.

संज्ञा : इंग्रजीतील ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग’ या जोडशब्दाचे ‘एस अँड सी’ हे लघुरूप ठाणे व नवी मुंबईच्या मैदानांवर प्रशिक्षकांच्या तोंडी असते, खेळाडू आणि पालक त्यालाच सरसकट ‘फिटनेस’ म्हणतात. ‘कंडिशनिंग’साठी ‘अनुकूलन’ हा पर्याय सुचवला जातो. परंतु शरीराने ताणाला दिलेल्या प्रतिसादासाठीही हाच शब्द वापरला जात असल्याने कारण आणि परिणाम यांची गल्लत होते. मानसशास्त्रात याच इंग्रजी शब्दासाठी रूढ असलेला ‘अभिसंधान’ तर येथे अगदीच निरुपयोगी ठरतो. ‘दमसास’ हा तालमीत मुरलेला शब्द मूळ संज्ञेची सगळी व्याप्ती सांभाळत नसला, तरी तो ऐकणाऱ्याला लगेच कळतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत तोच स्वीकारला आहे.

उगमाचा प्रश्न : वर्षभराच्या सरावाचे टप्पे पाडण्याच्या पद्धतीचे, म्हणजे ‘पिरिओडायझेशन’ अथवा कालनियोजनाचे, जनकत्व बहुतेक पाठ्यपुस्तके सोव्हिएत अभ्यासक लेव्ह मॅटवेयेव यांच्याकडे देतात. त्यांचे या विषयावरील मुख्य लेखन १९६०च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झाले. तयारीचा, स्पर्धेचा आणि संक्रमणाचा असे तीन कालखंड, त्यांच्या पोटात महिन्याची व आठवड्याची आवर्तने, आणि आरंभी मात्रा अधिक व तीव्रता कमी, तर स्पर्धा जवळ येईल तशी मात्रा कमी व तीव्रता अधिक, ही त्यांची मांडणी पुढे प्रमाण मानली गेली. मात्र रशियातच कोतोव्ह यांनी १९१६-१७च्या सुमारास सरावाचे सामान्य, पूर्वतयारीचे आणि विशिष्ट असे टप्पे सुचवल्याचे सांगितले जाते. आणि फिनलंडमध्ये पेसापालो या खेळाचे जनक लाउरी पिहकाला यांनी १९३०च्या सुमारास वर्षाचे विभाग पाडून कष्ट व विश्रांती यांची आवर्तने मांडली होती. त्यामुळे मॅटवेयेव यांना आद्य प्रवर्तक म्हणण्यापेक्षा विखुरलेल्या अनुभवाला सूत्रात बांधणारा अभ्यासक म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

काही लेखक याहून बरेच मागे जातात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या फिलोस्ट्रेटस या ग्रीक लेखकाने व्यायामशिक्षकांच्या चार दिवसांच्या चक्राची माहिती दिली आहे : पहिल्या दिवशी हलकी तयारी, दुसऱ्या दिवशी पराकाष्ठेचे श्रम, तिसऱ्या दिवशी विसावा, चौथ्या दिवशी मध्यम श्रम. हा उल्लेख कालनियोजनाचा पुरावा म्हणून वारंवार दिला जातो; परंतु फिलोस्ट्रेटसने हे चक्र टीका करण्यासाठी सांगितले आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. विजयानंतरच्या मेजवान्यांनी शरीर थकले असतानाही शिक्षकाने चक्राचा ठरलेला दिवस मोडू दिला नाही आणि त्यात एक मल्ल प्राणाला मुकला, अशी हकीकत त्याने नोंदवली आहे. खेळाडूपेक्षा वेळापत्रकाला मोठे मानण्याचा हा दोष आजही पुरता गेलेला नाही.

भारतीय साधनांचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. व्यायामाची मात्रा ठरवण्याचे नियम येथे निश्चितपणे जुने आहेत. सुश्रुतसंहितेत अर्ध्या बलाने व्यायाम करावा असे सांगितले असून, श्वास तोंडाशी येणे ही त्या अर्ध्या बलाची खूण मानली आहे. व्यायाम करताना सलग बोलता येते की नाही, यावरून तीव्रता ओळखण्याची आजची मैदानी कसोटी याच्या फारच जवळची आहे. साधारणतः सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा अष्टांगहृदय हा ग्रंथ थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने आणि इतर ऋतूंत त्याहून मंद व्यायाम सांगतो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात मल्लांची वर्गवारी येते. तसेच भार उचलण्याचा, चालण्याचा, पोहण्याचा व खांबावरचा असे श्रमाचे प्रकार येतात. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल या पिढीजात मल्लांच्या समाजाशी निगडित मल्लपुराणात ऋतूनुसार आहार सांगितला आहे. या ग्रंथाचा काळ काही अभ्यासक तेराव्या शतकापर्यंत मागे नेतात, पण उपलब्ध हस्तलिखिते बरीच उत्तरकालीन असल्याने ते सावधपणेच स्वीकारावे लागते. या सर्व ग्रंथांत ऋतू आहे, वय आहे, बलाबल आहे; ठरावीक स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत आलेली आखणी मात्र नाही. म्हणून त्यांना मात्राविचाराचे पूर्वसूरी मानणे योग्य. कालनियोजनाचे जनकत्व त्यांना देणे हा अभिमानाचा भाग झाला.

तारखेकडे पाहून केलेली आखणी शोधायची तर ती पोथीपेक्षा तालमीत अधिक सापडते. महाराष्ट्रात यात्रा-जत्रांच्या कुस्त्यांचा हंगाम ढोबळमानाने दिवाळीनंतर सुरू होऊन अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सरतो. पावसाळ्यात मैदाने होत नाहीत. तेव्हा जोर, बैठका, सपाट्या आणि करेल यांची मेहनत वाढते, तर हंगामात लढती वाढून मेहनत आवरली जाते. ही रीत वस्तादाकडून पठ्ठ्याकडे तोंडी आली. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेल्या व्यायाम ज्ञानकोशाच्या दहा खंडांत साधने व प्रकार यांची विपुल माहिती मिळते; वर्षाच्या आखणीविषयीची लेखी सामग्री त्यामानाने विरळ आहे.

सिद्धान्त व त्यावरील आक्षेप : वैद्यक संशोधक हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेली ताण-प्रतिसादाची कल्पना पुढे प्रशिक्षणाच्या सिद्धान्ताला जोडली गेली : भार दिला की शरीर आधी खालावते, विश्रांतीत सावरते आणि पूर्वीच्या पातळीच्या थोडे वर जाते. सेली यांचे प्रयोग विषारी द्रव्ये, थंडी, इजा यांसारख्या आघातांचे होते, बारबेलचे नव्हते. त्यामुळे हा आधार वाटतो तितका घट्ट नाही. क्रीडाविज्ञानाचे संशोधक बॅनिस्टर व सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास मांडलेले प्रतिमान अधिक उपयोगी ठरते. त्यानुसार प्रत्येक सरावातून क्षमता आणि थकवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी निर्माण होतात. थकवा लवकर ओसरतो, क्षमता सावकाश. स्पर्धेपूर्वी मात्रा कमी करण्याची जी प्रथा आहे, जिला मैदानावर ‘टेपर’ म्हणतात, तिचे कारण यातून सरळ उलगडते. मॅटवेयेव यांच्या मांडणीवर सोव्हिएत अभ्यासक युरी वेर्खोशान्स्की यांनी घरातूनच टीका केली, आणि २०१२ मध्ये संशोधक जॉन किली यांनी, शरीराचा प्रतिसाद ठरावीक आठवड्यांत ठरावीकच येतो या गृहीतकालाच आव्हान दिले. आराखडा हवा, पण तो दर आठवड्याला खेळाडूकडे पाहून तपासावा, हे मध्यममत आज अधिक ग्राह्य वाटते.

भार ठरवण्याची रीत : क्रमाक्रमाने वाढणाऱ्या भाराची आधुनिक पद्धत टॉमस डिलॉर्म या अमेरिकी वैद्याने जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी वापरली व १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन पाया धरून त्याच्या ५०, ७५ आणि १०० टक्क्यांवर दहा-दहा आवर्तनांचे (येथे आवर्तन म्हणजे वजन एकदा उचलणे) तीन सेट, हे तिचे १९४८ मधील सुधारित रूप. आज सामान्यतः एकदाच उचलता येणारे कमाल वजन हा पाया धरतात. त्याच्या सुमारे ८५ टक्के व अधिक भार सहापर्यंत आवर्तनांत दिल्यास शुद्ध बल वाढते, साधारण ६७ ते ८५ टक्के भार सहा ते बारा आवर्तनांत दिल्यास स्नायूंचा आकार वाढतो, असे मानले जाते. या सीमा काटेकोर नाहीत.

कमाल वजन प्रत्यक्ष उचलून पाहणे नवख्या खेळाडूसाठी जोखमीचे असल्याने ते सूत्राने काढतात, आणि येथे मतभेद आहेत. बॉइड एप्ली यांच्या सूत्रात उचललेल्या वजनात, त्या वजनाला आवर्तनांनी गुणून ३० ने भागल्यावर येणारी संख्या मिळवतात. ब्रिझिकी यांच्या सूत्रात वजनाला ३६ ने गुणून, ३७ मधून आवर्तने वजा केल्यावर उरलेल्या संख्येने भागतात. ८० किलोच्या पाच बैठका घातलेल्या खेळाडूचे कमाल वजन पहिल्या सूत्राने सुमारे ९३.३ किलो, तर दुसऱ्याने ९० किलो येते. दहा आवर्तनांवर दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात. पंधरा आवर्तनांवर मात्र पहिले १२० आणि दुसरे जवळजवळ १३१ किलो सांगते. एकाच आवर्तनासाठी एप्ली यांचे सूत्र प्रत्यक्ष उचललेल्यापेक्षा अधिक वजन दाखवते, हा त्यातील उघड दोष होय. व्यवहारात तीन ते आठ आवर्तनांची चाचणी घ्यावी, वर्षभर एकच सूत्र पाळावे आणि प्रत्यक्ष भार कमी येणाऱ्या उत्तरावरून ठरवावा, हे बरे. थोडा हलका भार पुढच्या आठवड्यात वाढवता येतो, दुखावलेली कंबर मात्र हंगाम खाते.

ठाणे-नवी मुंबईतील वर्षक्रम : मॅटवेयेव यांचे प्रतिमान वर्षातून एक-दोन मोठ्या स्पर्धा असणाऱ्या खेळाडूंना साजेसे आहे. या परिसरातील खेळाडूचे वर्ष तसे नसते. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि शालेय स्पर्धा पावसाळ्यापासून दिवाळीच्या आगेमागे चालतात. मंडळांच्या कबड्डी स्पर्धा हिवाळ्यात एकामागून एक येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. क्रिकेटमध्ये १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही मुंबईतील क्लबांची स्पर्धा पावसाळ्यातच खेळवली जाते. त्यामुळे इतरांच्या तयारीचा काळ हा मुंबई परिसरातील जलदगती गोलंदाजाच्या स्पर्धेचा काळ होतो, आणि तोही ओल्या, पाय घसरणाऱ्या मैदानावर. ठाणे महानगरपालिकेची वर्षा मॅरेथॉनही नावाप्रमाणे पावसातलीच. अशा वर्षात एक मोठे शिखर गाठण्यापेक्षा तीन ते चार आठवड्यांचे छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी भार उतरवलेला एक आठवडा आणि स्पर्धाकाळातही आठवड्यातून निदान एक जड सत्र, ही मांडणी अधिक टिकते. स्पर्धा सुरू झाल्या की वजने पूर्ण बंद करण्याची सवय मंडळांत खोल रुजलेली आहे. परंतु कमावलेले बल काही आठवड्यांतच ओसरू लागते, म्हणून ती सोडलेली बरी.

आराखड्यात न दिसणारा भार हा येथील विशेष प्रश्न आहे. गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो आणि कबड्डीचा एखादा भक्कम कोपरारक्षक तेथे खालच्या थरात उभा राहतो. खांद्यांवर माणसे घेऊन निश्चल उभे राहणे हा मणक्यावर व गुडघ्यांवर मोठा स्थिर भार असतो. त्याच आठवड्यात त्याला जड स्क्वॉट दिल्यास दुखापतीस आमंत्रण मिळते. डोंबिवली वा पनवेलहून उभ्याने लोकलचा प्रवास करून सरावाला पोहोचणाऱ्या मुलाचे पाय सत्राआधीच शिणलेले असतात. सरावाच्या नोंदवहीत या गोष्टींना रकाना असावा.

जागेनुसारही आखणी बदलते. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडांगणासारखी मोकळी धावपट्टी जुलैत हाती लागेलच असे नाही. तेव्हा बलाचे काम सभागृहात हलवतात आणि चढाच्या धावा उपवनकडून येऊरला जाणाऱ्या रस्त्यावर किंवा खारघर, पारसिकच्या उतारांवर घेतात. चढावर वेग आपोआप मर्यादित राहतो आणि प्रत्येक पावलाचा आघात कमी होतो, त्यामुळे मांडीच्या मागच्या स्नायूला जपत जोर वाढवता येतो.

खेळानुसार गरज : कबड्डीतील एका चढाईला ३० सेकंदांची मुदत असते. चढाईपटूला क्षणिक स्फोट आणि अपुऱ्या विश्रांतीत त्याची पुनरावृत्ती लागते; लांब पल्ल्याच्या संथ धावेने त्याचा मूळ दमसास वाढतो, चढाई वाढत नाही. पकडीसाठी मांड्या, पाठ व पंजाची पकड यांचे बल प्रधान. मल्लखांबपटूला अंगच्या वजनाच्या प्रमाणात बल हवे असते, म्हणून निव्वळ स्नायू फुगवणारा आराखडा त्याला जाच ठरतो.

मोजदाद : सरावाचा भार मोजण्याची संशोधक कार्ल फॉस्टर यांची पद्धत सर्वांत स्वस्त आणि बहुतेक मंडळांना झेपणारी आहे. सत्र संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला ते किती जड गेले हे शून्य ते दहाच्या मापावर विचारतात आणि त्या अंकाला मिनिटांनी गुणतात. साठ मिनिटांच्या सत्राला सहा अंक दिल्यास भार ३६० होतो. गेल्या आठवड्याच्या भाराला चार आठवड्यांच्या सरासरीने भागून ०.८ ते १.३ या पट्ट्यात राहावे, हा संकेत काही वर्षे फार लोकप्रिय होता. त्यातील गणिती उणिवा पुढे दाखवून दिल्या गेल्या असल्याने तो दुखापतीचे भाकीत मानू नये. भारात अचानक उडी नसावी, एवढे त्यातून घ्यावे.

उष्मा : ऑक्टोबर व मे महिन्यांत खाडीलगतच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम न वाळल्यास शरीर थंड होत नाही. उन्हाला सरावण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. सुट्टीवरून परतलेल्या खेळाडूस पहिल्या आठवड्यात पूर्ण मात्रा देणे धोक्याचे आहे.

मुले व मुली : वाढीच्या वयात वजनाच्या व्यायामाने उंची खुंटते, हा समज निराधार आहे, देखरेख, शुद्ध तंत्र आणि हलका आरंभ या अटी मात्र अपरिहार्य आहेत. झपाट्याने उंची वाढण्याच्या महिन्यांत उड्या व जलद धावांची मात्रा आवरावी. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर, असे असले तरी आराखड्यांना आधारभूत असलेले बहुतांश संशोधन पुरुषांवर झालेले आहे. उडी मारून खाली येताना गुडघा आत वळण्याची प्रवृत्ती आणि त्यातून होणारी गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची (लिगामेंटची) इजा मुलींत अधिक आढळते, म्हणून उतरण्याच्या तंत्राचा व मांडीच्या मागील स्नायूंचा सराव त्यांच्या प्रत्येक आठवड्यात असावा. मासिक पाळीच्या टप्प्यांनुसार भार बदलावा की नाही याविषयी एकमत नाही. खेळाडूने स्वतः ठेवलेली नोंद हाच तूर्त अधिक भरवशाचा आधार मानला जातो.