एक तार वाजते, पाच गप्प बसवाव्या लागतात

मेटल गिटारसाठी पहिली स्केल, म्हणजे स्वरांची मालिका, म्हणून ई फ्रिजियन उत्तम. ई, एफ, जी, ए, बी, सी, डी आणि वरचा ई. ई हा सा धरला तर हे भैरवी थाटाचेच स्वर होतात: रे, ग, ध, नी कोमल. मेटलला हवा असलेला काळोख त्या कोमल रे मध्ये आहे. मोकळी, म्हणजे न दाबलेली, सहावी तार ८२.४ हर्ट्झला वाजते आणि पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीशी दाबली की, ८७.३ ला. पुढेही दर फ्रेटला कंपनसंख्या सुमारे ५.९ टक्क्यांनी वाढत जाते.

सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर मोकळी, १, ३. पाचवीवर मोकळी, २, ३. चौथीवर मोकळी, २. पहिल्या फ्रेटला तर्जनी, दुसऱ्याला मधलं बोट, तिसऱ्याला अनामिका. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या अलीकडे टेकवा. मधोमध टेकवलं की जोर जास्त लागतो, तार ताणली जाते आणि स्वर चढतो.

इथवर सोपं आहे. खरी परीक्षा डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलचा तो खरखरीत आवाज देणारा इफेक्ट, चालू केल्यावर. डिस्टॉर्शन सिग्नलची शिखरं छाटतं, त्यामुळे मोठा आवाज आणखी वाढत नाही, बारीकसारीक आवाज मात्र त्याच्या बरोबरीला येतात. साध्या आवाजात लपणारी तारेची गुणगुण इथे उघडी पडते. शिवाय दोन स्वर एकत्र शिरले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. ई आणि बी एकत्र वाजवले तर वजाबाकी सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे जवळपास आणखी एक सप्तक खालचा ई. अशा दोन स्वरांच्या जोडीचं, म्हणजे पॉवर कॉर्डचं, वजन त्यातूनच येतं.

आता पाचव्या तारेवरच्या सी वरून चौथ्या मोकळ्या डी वर जा. अनामिका दाबलेलीच राहिली, तर १३०.८ आणि १४६.८ एकत्र वाजतात आणि १६ हर्ट्झची घरघर उठते. घाईने बोट झटकलं तर मोकळा ए वाजतो. त्यामुळे दाब सोडायचा, स्पर्श सोडायचा नाही. त्या तारेवर दोन बोटं हलकेच टेकलेली असावीत; एकाच बोटाने एखादा बारीक हार्मोनिक, म्हणजे हलक्या स्पर्शाने उमटणारा उंच स्वर, निसटू शकतो.

उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ ठेवून वाजत्या तारेच्या वरच्या जाड तारा झाका. खालच्या बारीक तारांवर डाव्या तर्जनीची आतली बाजू आडवी पडू द्या.

पिक १ मिलिमीटरच्या आसपासचा, जाडसर घ्या. एक फटका खाली, एक वर, तार बदलतानाही हा क्रम मोडू नका. मेट्रोनोम ६० वर लावून ठोक्याला दोन स्वर वाजवा. सलग चार वेळा घरघर आली नाही, तरच ४ ने वाढवा. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची तीव्रता, आधी निम्म्यावर ठेवा. सराव कायम अँप बंद ठेवून करणाऱ्यांना आपल्या तारा किती बोलतात हे कळतच नाही, म्हणून रोज थोडा वेळ तरी डिस्टॉर्शनवर वाजवा.