इमारतींची सुगम्यता : नवे बांधकाम आणि फेरफार

व्हीलचेअर वापरणारी, अंध किंवा अल्पदृष्टी, कर्णबधिर, कुबडीच्या आधाराने चालणारी किंवा वयोमानाने गुडघे थकलेली व्यक्ती कुणी उचलून न नेता इमारतीत जाऊ शकावी, आत फिरू शकावी, तिथल्या सोयी वापरू शकावी आणि आग लागली तर सुखरूप बाहेर पडू शकावी, अशा रचनेला सुगम्यता म्हणतात. भारतात सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी ती कायद्याने बंधनकारक आहे. यात केवळ सरकारी कचेऱ्या येत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत शाळा, कामाची ठिकाणे, दुकाने, दवाखाने, न्यायालये, बसस्थानके आणि धार्मिक स्थळेही आहेत. मालक सरकार आहे की खासगी, याला महत्त्व नाही. लोक तिथे येतात का, हा निकष आहे.

याआधीच्या १९९५ च्या कायद्यातही सार्वजनिक इमारतींत उतार आणि वापरता येण्याजोगी स्वच्छतागृहे करण्याची तरतूद होती, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांनी तिची धार गेली. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि नवा, म्हणजे २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. नव्या बांधकामासाठी त्यातले कलम ४४ सर्वांत मोलाचे आहे : नकाशा सुगम्यतेच्या नियमांनुसार नसेल तर बांधकाम परवानगी द्यायची नाही, आणि इमारत त्याप्रमाणे उभी राहिली नसेल तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, वापरही सुरू करू द्यायचा नाही. म्हणजे अडवण्याच्या दोन जागा कायद्याने नेमून दिल्या. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ ला निघाले, त्यामुळे ती जून २०२२ मध्ये संपली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील एका विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या वधूला उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावे लागले, कारण इमारतीला लिफ्ट नव्हती. मुदत संपून तेव्हा वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या बांधकामाच्या खर्चापुढे पहिला आकडा नगण्य आहे. खरा धाक भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, अडण्याचा, आणि तो महापालिकेने किंवा नगरपालिकेने वापरला तरच.

मोजमापे केंद्राच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिलेली आहेत. त्यांची पहिली आवृत्ती २०१६ ची आणि सुधारित २०२१ ची. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही या विषयाच्या तरतुदी आहेत. यातून एक गोंधळ वर्षानुवर्षे चालला : मार्गदर्शक तत्त्वे पाळलीच पाहिजेत, की पाळली तर बरे? राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) केवळ शिफारसवजा तत्त्वांकडे बोट दाखवतो, त्यामुळे तो मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि किमान बंधनकारक मानके वेगळी काढण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. सुगम्यता हळूहळू वाढवत न्यायची गोष्ट असली तरी तिचा किमान तळ मात्र पक्का हवा, हा या निकालाचा गाभा आहे.

प्रत्यक्ष बांधकामात बहुतेक चुका उंचीच्या हिशेबात होतात. उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी हवी. जोते ६०० मिलिमीटर उंच असेल तर उतारालाच ७.२ मीटर लागतात. वर आणि खाली व्हीलचेअर वळवण्यापुरती सुमारे दीड-दीड मीटरची सपाट जागा धरली की एकूण लांबी दहा मीटरच्या पुढे जाते. एवढी जागा नकाशावर असतानाच राखावी लागते. ती राखली नाही, तर शेवटी ठेकेदार पायऱ्यांशेजारी उरलेल्या तीन मीटरमध्ये सिमेंटचा घसरता तुकडा ओततो आणि त्याला रॅम्प म्हणतो. १:५ च्या त्या चढावर कुणालाही स्वतःच्या हातांनी चाके फिरवत जाता येत नाही, आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडण्याची भीती असते. कित्येकदा साधा उपाय हाताशी असतो : प्रवेशाच्या बाजूचे जोते कमी ठेवायचे किंवा अंगणाचीच पातळी हळूहळू वर आणायची. मग रॅम्प वेगळा बांधावा लागत नाही आणि सगळे एकाच दारातून आत जातात. उतार करावाच लागला तर दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर धरायला कठडे हवेत.

दाराचेही तसेच. मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी असते आणि वीटकामात जागाही ९०० मिलिमीटरच सोडली जाते. चौकट आणि उघड्या दाराची जाडी वजा जाता साडेसातशे-आठशेच उरतात. स्वच्छतागृहाची पातळी स्लॅब ओतण्याआधी ठरवावी लागते, कारण पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथे एक पायरी ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती एक पायरी सगळी सोय फुकट घालवते. साधारण २२०० गुणिले २००० मिलिमीटरची खोली, बाहेर उघडणारे किंवा सरकते दार, शौचाच्या भांड्याशेजारी भिंतीत घट्ट बसवलेले आडवे आधारदांडे, खुर्चीवरून सरकून बसता येईल अशी मोकळी बाजू आणि हाताशी धोक्याची घंटा, एवढे तिथे लागते. बांधून झाल्यावर या खोलीला कुलूप लावणे किंवा तिच्यात झाडू-बादल्या ठेवणे हे तिच्या नसण्याइतकेच वाईट आहे.

अंध व्यक्तींसाठी जमिनीवर उठावदार फरशा लावतात. त्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. लांब रेषांची फरशी दिशा दाखवते, ठिपक्यांची फरशी थांबायला किंवा सावध व्हायला सांगते. आपल्याकडे दोन्ही सरमिसळ बसवल्या जातात, पट्टी थेट खांबाला जाऊन भिडते किंवा सुरक्षारक्षकाच्या टेबलाखाली शिरते. ग्रॅनाइटला शोभावी म्हणून ती राखाडी निवडली तर थोडेफार दिसणाऱ्यांना तिचा उपयोग राहत नाही. भोवतालच्या फरशीहून ठळक वेगळा रंग हा तिच्या कामाचाच भाग आहे.

फेरफार हा या व्यवस्थेचा सर्वांत दुबळा भाग. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बँक येते, वाड्यात उपाहारगृह सुरू होते, दर्शनी भाग तोडून काच लावली जाते, पण पायऱ्या तशाच राहतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार केवळ आतल्या भागावर परिणाम करणाऱ्या कामाला विकास परवानगी लागत नाही. परवानगी नाही म्हणजे नकाशाची छाननी नाही, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४४ ची पहिली चौकी आपोआप टळते. अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग कायद्याखालील नियमांनी ही फट बुजवली आहे : इमारतीच्या मुख्य वापराच्या भागात फेरफार केला, तर तिथवर पोहोचण्याची वाट, त्या भागासाठीच्या स्वच्छतागृहांसह, सुगम्य करावी लागते, तो खर्च मूळ कामाच्या वीस टक्क्यांपलीकडे जात असेल तर तेवढ्या मर्यादेत जे शक्य ते करायचे. मालकाला किती करायचे ते कळते आणि दर नूतनीकरणात इमारत थोडी पुढे सरकते. आपल्याकडेही असा नियम हवा, कारण शहरांतील बहुतांश इमारती आधीच बांधून झालेल्या आहेत.

आणीबाणीत बाहेर पडण्याची वाट नकाशात सर्वांत कमी विचारात घेतली जाते. आग लागल्यावर साधी लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलेली व्यक्ती तिथेच अडकते. जिन्याला लागून आगीपासून सुरक्षित, व्हीलचेअर मावेल अशी थांबण्याची जागा, तिथून खाली बोलता येईल असे संपर्कयंत्र, कर्णबधिरांसाठी भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा आणि माणसांना खाली नेण्याची सराव केलेली पद्धत, हे सारे आधीच ठरलेले असावे लागते. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला देताना ही जागा नकाशाबरोबर प्रत्यक्षातही मोजून पाहिली पाहिजे.