‘दुर्मिळ’ मेलिऑयडोसिस : मातीतल्या जंतूची कुळकथा

मेलिऑयडोसिस या जंतुसंसर्गाची बातमी आली की ‘दुर्मिळ’ हे विशेषण सोबत येतंच. भाताच्या खाचरातला चिखल, भेगाळलेली टाच किंवा पोटरीवरची साधी खरचट, त्यातून शिरलेला जंतू आणि मग फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत गळवं. हे आता बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण दुर्मिळ म्हणजे नक्की किती आणि कुणाच्या हिशेबाने, इथे गाडी अडते.

सुरुवात रंगूनची. १९११ साली तिथल्या शवविच्छेदनगृहात एका ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टला आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्याला घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगात होतात तशी दिसणारी गळवं सापडली, पण जंतू वेगळा निघाला. मृतांपैकी बरेच जण मॉर्फिन टोचून घेणारे होते. १९१७ पर्यंत अशी शंभरावर प्रकरणं जमली होती, म्हणजे तिथल्या शवविच्छेदनांत वीसात साधारण एक. रंगून तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होतं. तरीही आजच्या भारतातला पहिला रुग्ण म्हणून नोंद मिळते ती थेट १९९१ ची, मुंबईतल्या एका मुलाची. मधली ऐंशी वर्षं हा जंतू झोपला होता असं मानायला माझं मन काही धजत नाही.

उंदरांमार्फत रोग पसरतो, या समजुतीत काही दशकं गेली. माती आणि साचलेलं पाणी हेच जंतूचं घर आहे, हे फ्रेंच संशोधकांनी इंडोचायनात १९५० च्या दशकात दाखवलं. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांत हा रोग कधीकधी बऱ्याच वर्षांनी उफाळे, म्हणून ‘व्हिएतनामी टाइमबॉम्ब’ हे टोपणनाव पडलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या एका माणसाला तब्बल ६२ वर्षांनी त्वचेचा मेलिऑयडोसिस झाला, त्यामुळे ते नाव अगदीच अतिशयोक्त नव्हतं.

खरा घोळ नावांचा. रोगाला १९२१ मध्ये मिळालेलं नाव गाढवांच्या एका आजाराच्या ग्रीक शब्दावरून आलं. जंतूचं ‘स्युडोमॅलिआय’ म्हणजे ग्लँडर्सच्या जंतूचा तोतया. आडनाव मात्र बदलत राहिलं : बॅसिलस, मॅलिओमायसिस, मग बरीच वर्षं स्युडोमोनास, आणि १९९२ पासून बर्खोल्डेरिया. वर्गीकरणवाल्यांचं भांडण म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण स्युडोमोनास हे आडनाव भारी पडलं. त्या कुळातले जंतू नळाच्या पाण्यात, सिंकमध्ये, सलाइनच्या स्टँडवर कुठेही सापडतात. पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, तसं काही उगवलं की रिपोर्टवर ‘स्युडोमोनास प्रजाती’ लिहायचं आणि बाहेरून मिसळलेला जंतू समजून विषय संपवायचा, ही अनेक प्रयोगशाळांची सवय. आडनाव बदललं तरी सवय गेली नाही. वास्तविक ओळख पटवायला महागडं यंत्रच लागतं असंही नाही. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही प्रतिजैविकांना दाद न देणारा, पण को-अमॉक्सिक्लॅवला बळी पडणारा ‘स्युडोमोनास’ दिसला की तंत्रज्ञाने थबकायला हवं, इतकी साधी खूण आहे. दुसरीकडे डॉक्टर छातीचा एक्स-रे पाहून क्षयाची औषधं सुरू करतात. रुग्ण सुधारत नाही, आणि दोन्ही कागदांवर मेलिऑयडोसिस हा शब्द येतच नाही. मग आकडेवारीत तो दुर्मिळच राहणार.

निदान झालं तर फरक किती पडतो, हे १९८९ मध्ये थायलंडच्या ईशान्य भागातून कळलं. सेफ्टाझिडाइम या प्रतिजैविकाने मृत्युदर ७४ टक्क्यांवरून ३७ वर आणला. आज शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस औषध आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या तीन महिने किंवा जास्त, असा क्रम आहे. तीन महिन्यांचा कोर्स मध्येच सोडणारे असतातच, आणि आजार उलटतो.

२०१६ च्या एका गणिती अंदाजाने जगात वर्षाला १ लाख ६५ हजार रुग्ण आणि ८९ हजार मृत्यू धरले. दक्षिण आशियाचा वाटा त्यात सर्वांत मोठा, ४४ टक्के. भारतातली बरीच प्रकरणं उडुपी-मंगळूर पट्ट्यातून येतात, तीही पावसाळ्यात आणि बहुतेक मधुमेही माणसांत. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी शोधायला सुरुवात केली, म्हणून ती दिसतात. त्याच किनाऱ्याने वर आलं की गोवा आणि तळकोकण. जांभा दगड तोच, पाऊस तोच, गुडघाभर चिखलातली लावणीही तीच.

अमेरिकेत २०२१ मध्ये चार राज्यांत चार जण आजारी पडले, दोघे दगावले. परदेशात कुणीच गेलेलं नव्हतं. अखेर जंतू सापडला भारतात बनलेल्या सुगंधी स्प्रेच्या बाटलीत, आणि सुमारे ३,९०० बाटल्या परत मागवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी मिसिसिपीच्या आखाती किनाऱ्यावर, एका रुग्णाच्या घराजवळच्या माती-पाण्यात तो आढळला, आणि आजवर ‘बाहेरून येणारा’ म्हटला जाणारा जंतू तिथल्या अधिकाऱ्यांनी स्थानिक म्हणून जाहीर केला.